भिंतीवरची दोरी

साहेब तपासणीला येणार म्हटलं की आपल्याकडे माणसांआधी भिंतींची धांदल उडते. नाशिकला मखमलाबाद रोडवरच्या त्या लहानशा निवासी केंद्रातही तेच झालं. केंद्र होतं डोळ्यांनी दिसत नाही आणि कानांनी ऐकूही येत नाही, अशा मुलांचं. रंगाशी तिथल्या एकाही मुलाचं देणंघेणं नव्हतं, तरी संचालिका उज्वलाताईंनी हॉलला पिस्ता रंग लावून घेतला, दारात रांगोळी घातली आणि कुठून कुठून कुंड्या मागून आणल्या.

त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण केंद्र चालायचं सरकारी अनुदानावर. मागच्या वर्षीचे अधिकारी जाता जाता म्हणाले होते, की मुलांची प्रगती काही दिसत नाही, यंदाही दिसली नाही तर अनुदान पुढे चालू ठेवणं अवघड जाईल. अनुदान गेलं म्हणजे केंद्राला कुलूप, आणि केंद्राला कुलूप म्हणजे रोशनी परत आईबापाकडे. योगिनीच्या डोक्यात आठवडाभर हेच घोळत होतं.

योगिनी तिथली शिक्षिका. रोशनी तिची विद्यार्थिनी, नऊ वर्षांची. तिचे आईबाप, मंगळू आणि फुलाबाई, सुरगाण्याकडचे. भात काढून झालं की दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरायचे. दोन वर्षांपूर्वी तिथेच एका बांधावर योगिनीने या पोरीला पहिल्यांदा पाहिलं. कमरेला जुन्या लुगड्याची दोरी बांधलेली, दुसरं टोक बाभळीला. योगिनीचा चेहरा बघून फुलाबाई म्हणाली होती, "बांधली नाय तं हिरीत जाईल ना, बाई. मी काय हौशेनं बांधते का?" पोर केंद्रात घेऊन येणं, एवढंच योगिनीला करता आलं.

केंद्रातही दोरी होती, पण ती भिंतीला. मुलांच्या कमरेच्या उंचीवर सगळ्या हॉलभर फिरलेली. स्वयंपाकघराच्या दाराशी तिला लाकडी डाव लटकवलेला, न्हाणीशी घासणीचा तुकडा, बाहेरच्या दाराशी काथ्याची शेंडी. हात दोरीवर ठेवायचा, चालायचं, खूण लागली की थांबायचं. माणसांच्या नावांचीही तीच रीत. ज्याच्या अंगावर जी खूण, तेच त्याचं नाव. उज्वलाताई म्हणजे चष्म्याची साखळी. योगिनी म्हणजे डाव्या मनगटातलं स्टीलचं कडं. रोशनी ते कडं धरून गर्रकन फिरवायची, की झाली हाक मारून. पाणी, भाकरी, झोप, नाही, असे शब्दही ती समोरच्याच्या तळहातावर खुणा करून बोलायची. पण एका वेळी एकच. एकाला दुसरा जोडून तिने कधी काही म्हटलं नव्हतं, आणि मागच्या साहेबांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी उज्वलाताई कमरेवर हात ठेवून हॉलभर नजर फिरवत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ही दोरी अगदी कपडे वाळत घालायच्या तारेसारखी दिसते, तासाभरापुरती काढ. योगिनीने नको नको म्हणून पाहिलं. मग तिला वाटलं, तासाभराचा तर प्रश्न, आपण धरू की पोरीचा हात. तिने स्वतःच्या हाताने गाठी सोडल्या आणि दोरीचं वेटोळं कोठीत नेऊन टाकलं. सगळं कळणारी बाई, पण अनुदानाच्या धास्तीने तिचीही मती गुंग झाली होती.

सोनजेसाहेब आले ते वेळेवर. तरुण होते, खुर्ची पुढे केली तरी उभेच राहिले. योगिनीने रोशनीच्या हातात मणी दिले, तिने ते भराभर ओवले. साहेबांनी मान डोलावली आणि विचारलं, की मुलगी तुमच्या हाताशिवाय, आपली आपण काय करते? जरा हात सोडून दाखवा. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

योगिनीने हात सोडला. रोशनी भिंतीकडे गेली, रोजच्या उंचीवर हात नेला. तिथे दोरी नव्हती. तिने वर चाचपलं, खाली चाचपलं, भिंत धरून पुढे सरकली आणि कुंडीवर आदळली. कुंडी फुटली. रोशनी तिथेच मटकन बसली आणि भिंतीवर डोकं आपटू लागली.

योगिनी धावली. डोक्यामागे हात घालून तिने कडं पुढे केलं. रोशनीने तिचा हात झिडकारला. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रोशनी आता भिंतीला टेकून अंग आवळून बसली. त्या क्षणी तिला अनुदान दिसेना की साहेब दिसेनात. दिसत होती ती बाभळीला बांधलेली पोर, आणि तिला वाटलं, फुलाबाईने निदान दोरी काढून तरी घेतली नव्हती.

ती उठली, कोठीतून दोरी आणली आणि नव्या रंगावरच बांधायला लागली. उज्वलाताई डोळ्यांनी दटावत होत्या. हे काय चाललंय, असं साहेबांनी विचारलं.

"ही हिची वाट आहे, साहेब," योगिनी म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून आम्ही काढली. माझ्याच हाताने सोडली मी."

उज्वलाताई खाली बघत कुंडीची खापरं गोळा करू लागल्या.

दोरी बांधून झाली तेव्हा योगिनीने तिला एक हिसका दिला. भिंतीला टेकलेल्या रोशनीच्या खांद्याला तो लागला. तिचा हात वर आला. मग ती उठली आणि निघाली. घासणीपाशी थांबली, डावापाशी थांबली, काथ्याच्या शेंडीपर्यंत गेली. सगळं जागच्या जागी आहे याची खात्री करून घेतली, आणि दोरी धरूनच परत योगिनीपाशी आली. तिने योगिनीचा हात शोधून काढला. कडं फिरवलं, आणि लगेच तळहातावर आपला पंजा आडवा पुसला. पुन्हा कडं, पुन्हा पंजा. मग तोच हात ओढून दोरीवर दाबून धरला.

योगिनीला हुंदका आवरेना. पोरीने काय सांगितलं, असं साहेबांनी हळूच विचारलं.

"मला रागावली. योगिनी, नाही, असं म्हणाली. दोरी सोडायची नाही." मग डोळे पुसत तिने पुढचंही सांगून टाकलं. "साहेब, ही आजवर कधी दोन शब्द जोडून बोलली नव्हती. हे तिचं पहिलं वाक्य."

सोनजेसाहेबांनी दोरीवरच्या त्या दोन हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "प्रगती दिसत नाही, असं मला तरी लिहिता येणार नाही. अनुदान चालू ठेवा, असंच लिहितो मी."

उज्वलाताई साहेबांसाठी चहा सांगायला धावल्या. योगिनी मात्र अजून रोशनीसमोरच बसलेली होती. चुकलं, या शब्दाची खूण तिने पोरीला कधी शिकवलीच नव्हती, कारण आपल्याला ती लागेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. शेवटी तिने रोशनीचा हात उचलून आपल्या कानाला लावला, आपण लहानपणी धरायचो तसा. रोशनीला त्याचा अर्थ कुठून कळणार? पण आयता हाती आलेला कान तिने चांगला करकचून पिळला, आणि दोरी धरून डावाच्या दिशेने जेवायला निघून गेली.