घरच्यांची झडती

“यात काय कालवलंयस?”

“डॉक्टरांनी दिलेली पुडी, आई. आठवड्याची.” सुनेने दुधाचा पेला टेबलावर ठेवला.

“फोडताना मला का नाही बोलावलं?”

“तुम्ही अंघोळीला होतात.” सून हसली. सासूबाईंना ते हसणेही खटकले.

त्यांची हयात कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकावर गेली होती. काम सुटले की बाहेर पडणाऱ्या बायकांची झडती घ्यायची, हा त्यांचा धंदा. बायका त्यांना मागून ‘एक्स-रे’ म्हणत. कमरेला गुंडाळलेली लेस, अंबाड्यात खोचलेली बटणे, त्यांच्या बोटांतून काही सुटत नसे. देव ज्याला त्याला पोटापुरती एकेक विद्या देतो. यांना शंका दिली होती. ती फाटकावरच ठेवून घरी यायचे असते, हे सांगणारा मात्र कुणी भेटला नव्हता.

पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावले होते.

“शरीरात राखणदार असतात, मावशी. तुमचे राखणदार चोर सोडून घरच्यांनाच बडवताहेत. मूत्रपिंडं सुजलीत ती त्या मारानं. रोजच्या गोळ्या त्यांना आवरतात. ‘ड’ जीवनसत्त्वही त्यांना थोडं भानावर ठेवतं असं दिसतंय, आणि तुमच्यात ते अगदी तळाला गेलंय. एकट्या त्यानं आजार जायचा नाही, पण ते कमी राहून चालणार नाही. म्हणून ही पुडी. आणि उन्हात उभं राहायचं नाही.”

“पण ते उन्हातूनच मिळतं म्हणतात ना?”

“इतरांना. तुमचे राखणदार उन्हानं आणखी चेकाळतात. फाटकाचं काम सावलीत मागून घ्या, नाहीतर सोडा.”

तिथेच माशी शिंकली. देवाघरचे ऊन बंद आणि दुकानातली पुडी चालू? आणि फाटक सोडले तर तिथे उभे कोण राहणार? सून नुकतीच म्हणाली होती, “तुम्ही आराम करा आई, मी बघेन फाटक.” साखरेत घोळलेले बोलणे सासूबाईंनी उभ्या जन्मात पुष्कळ तपासले होते.

सून आत वळताच त्यांनी दूध मोरीत ओतले, पेला विसळून पालथा घातला. दुपारच्या सुटीत कारखान्याच्या भिंतीशी बाह्या वर सारून उन्हात बसल्या. पुढे दर आठवड्याला हेच. ‘ड’ घ्यायचेच तर ते कुणाच्या हातून नको, एवढाच त्यांचा हिशेब.

गालांवर लाल चट्टे उठले.

“उन्हात गेला होतात का?” सुनेने विचारले.

“पाळत ठेवतेस का माझ्यावर?”



पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी अहवाल दोनदा वाचला. सूज वाढलेली, आणि ‘ड’ होते तिथेच. त्यांनी सासूबाईंकडे न बघता सुनेकडे बघितले.

“पुड्या कोण देतं?”

“मी.”

“नक्की देता ना?”

सोबत आलेला मुलगाही बायकोकडे वळला. “विसरलीस का गं मधेच?”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिले आणि त्यांना ते उभे राहणे ओळखू आले. काही न चोरलेली बाई झडतीला अशीच उभी राहते. नजर खाली, श्वास आवरलेला, कधी एकदा संपते असे झालेली.

“तिला नका विचारू,” त्या म्हणाल्या. “दूध मी मोरीत ओतत होते. उन्हातही मीच बसत होते.”

डॉक्टरीणबाईंनी रोजच्या गोळ्या वाढवल्या.

“सूज उतरेल, मावशी. पण मूत्रपिंडांच्या जेवढ्या भागावर व्रण पडलेत, तेवढा परत यायचा नाही.”

आठवड्याने पुडीचा दिवस आला. सुनेने नवऱ्याला हाक मारून समोर बसवले. मग टेबलावर सीलबंद पुडी ठेवली, शेजारी कात्री, दूध आणि रिकामा पेला.

“तारीख बघून घ्या, आई.”

“तूच फोड गं बाई.”

“नको. तुमच्याच हातानं फोडा.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

सासूबाईंनी काही न वाचता पुडी कापली, दुधात कालवली आणि पेला तोंडाला लावला. तो रिकामा होईपर्यंत सून समोर उभी होती, दोन्ही हात टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवून.