सिमेंटवाल्यांची भिंत आणि युरानिस

बारांकिया शहराच्या रेबोलो वस्तीत ओफेलियाबाईंची संस्था होती. वाया जाण्याचा धोका असलेल्या पोरांना चित्रकला आणि धंदा शिकवायचा, बाहेरची कामं आणायची आणि कामाचा मोबदला पोरांना द्यायचा. चित्रकला मी शिकवायचो, धंदा स्वतः बाई. “गिऱ्हाइकाला आधी प्रश्न विचारा, भिडेखातर काही कबूल करू नका,” असं त्या इतक्या कळवळून सांगायच्या की सोळा वर्षांच्या युरानिसनं ते खरंच मनावर घेतलं.

एकदा सिमेंट कंपनीचे साहेब आले. कारखान्याच्या भिंतीवर त्यांना चित्र हवं होतं. डावीकडे अंधार, सुरे, पिस्तुलं. उजवीकडे सूर्य, कबुतरं आणि सिमेंटची पोती.

“तुमचीच कहाणी काढा, बाळांनो,” साहेब पोरांच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले.

युरानिसनं विचारलं, “पिस्तूल कुठल्या बनावटीचं, साहेब?”

“ते तुम्हालाच माहीत असणार ना!”

“आमच्या घरी नुसता सुरा आहे, आई त्यानं मासे साफ करते. पिस्तूल बघितलंय ते तुमच्या रखवालदाराकडे. त्याला उभा करा समोर, हुबेहूब काढते.”

पोरं खिदळली. बाईंनी तिला बाजूला ओढलं. “अगं, जरा दुःखी दिस ना! फोटो काढायचेत.”

“दिसते की. त्याचे पैसे वेगळे पडतील.”

बाईंनी तिला तिथल्या तिथे काढून टाकलं. मी म्हटलं, “बाई, हे तुम्हीच शिकवलंत.”

“गिऱ्हाइकांशी बोलायला शिकवलं, उपकारकर्त्यांशी नाही!”

बाकीच्या पोरांनीही ब्रश खाली ठेवले. काम कला महाविद्यालयातल्या श्रीमंतांच्या मुलांकडे गेलं. त्यांनी पिस्तुलं फार मायेनं रंगवली म्हणतात.

युरानिसला मात्र वस्तीत नाचगाण्यांना गाणी वाजवणाऱ्या विल्फ्रिदोनं बोलावलं. कार्निव्हलसाठी त्याला आपला पिको, म्हणजे भिंतीएवढा स्पीकर, रंगवून हवा होता. तिनं आधी आगाऊ रक्कम घेतली, मग जुन्या सोबत्यांना हाताशी धरलं. गॉगल लावलेला, बैलाएवढा पेलिकन पक्षी असा भडक उतरला की माणसं रस्ता ओलांडून बघायला यायची.

कार्निव्हलच्या दिवशी बाई परदेशी देणगीदारांना घेऊन हजर. पिकोसमोर उभ्या राहून त्यांनी सुरू केलं, “आमच्या संस्थेनं या मुलीला अंधारातून...”

“काका, चालू करा,” युरानिस विल्फ्रिदोला म्हणाली.

ढोल असे दणाणले की बाईंचे नुसते ओठ हलताना दिसत होते. देणगीदार नाचायला लागले.

पुढच्या महिन्यात मी संस्था सोडून तिच्याकडे काम मागायला गेलो.

“सर, पिसं रंगवण्यात तुमचा हात कच्चा आहे,” ती म्हणाली. “पण या, बघू.”