प्रस्तावना नसलेला अंक सातवा

मी अंक सातवा बोलून राहिलो. 'महाबली चौकडी' या कॉमिकचा अंक सातवा. बत्तीस पानं, सगळी रंगीत, पाठीत दोन पिना. जन्म अकोल्याचा, तोही मे महिन्यातला, म्हणून डोकं जरा लवकर तापतं. तेवढं सांभाळून घ्या.

माझ्या पोटात चार महावीर राहतात. लोहमनगट एका ठोशात भिंत पाडतो. वावटळ नावाची बाई उडते. पाताळ्या जमिनीत शिरतो आणि दोन तालुके सोडून वर निघतो. चौथ्याचं नाव छेचाळीस, म्हणजे शेहेचाळीस डिग्री. अकोल्याच्या उन्हाळ्याचा सगळा ताप त्याच्या अंगात शिरलाय, हात लावेल ते करपतं. हे चौघं लोडासुराशी लढतात. लोडासुर म्हणजे गावोगावची वीज पिऊन फुगत जाणारा राक्षस.

आता खरं सांगतो, लढाई अकराव्या पानावर सुरू होते. पहिली दहा पानं बैठक चालते. राक्षस तिकडं तारा चावत बसलेला, अर्धा जिल्हा अंधारात, आणि आमचे वीर ठरवून राहिले की विजयाच्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा घ्यायचा आणि शाल कोणाच्या हस्ते. तुम्हाला ओळखीचं वाटलं तर त्यात माझा दोष नाही.

मला काढलं प्रणालीनं. पोट्टी नांदगाव खंडेश्वरकडची, घरी शेती. अकोल्याला शिकायला आली आणि तिथंच एका शाळेत चित्रकलेची बाई झाली. शाळेतून आली की हातपाय धुऊन टेबलाशी बसायची. शब्दही तिचे, चित्रंही तिची. छापलं देवीदासभाऊंनी. त्यांचा छापखाना मूळ लग्नपत्रिकांचा. माझ्या आधी मशीनवर कोणाच्या तरी ताईचं लग्न छापून गेलं होतं. त्या पत्रिकेवरच्या गणपतीची सोनेरी चमकी माझ्या चौथ्या पानाला अजून चिकटलेली आहे. लोहमनगट त्यामुळं फारच तेजस्वी दिसतो.

सहा अंक भाऊंनी प्रेमापोटी छापले. माझी शाई वाळायच्या आतच मात्र त्यांनी प्रणालीला बोलावलं.

"हे पाह्य प्रणाली, लोक हासतेत मले. मेव्हणा म्हणते, भाऊ या वयात कार्टून छापून राहिले. तू एक काम कर. अमरावतीच्या पेपरात परीक्षण आण. दोन कॉलम. मंग आठवा छापतो. नाही त आपला रामराम."

"लोकाइनं वाचला त नाही चालत काय, भाऊ?"

"लोकाइनं वाचलेलं फ्रेम करता येते काय?"

आठव्या अंकाची एकोणीस पानं काढून तिच्या टेबलावर तयार होती. ती मला लिफाफ्यात घालताना स्वतःशीच म्हणाली, "आठवा नाही निघाला त मी नाही काढत पुढं. कोणासाठी काढू?" हे ऐकून माझ्या दोन्ही पिना ढिल्या झाल्या. तिचं सगळं आता माझ्यावर आलं होतं.

अमरावतीत परीक्षण म्हणजे हेमचंद्र सर. मराठीचे निवृत्त प्राध्यापक. दर रविवारी त्यांचं 'ग्रंथगंध' सदर, शाल घेतलेल्या फोटोसकट, तीस वर्षं अखंड. सरांनी मला लिफाफ्यातून काढलं, मागंपुढं पाहिलं आणि टेबलावरच्या ढिगात ठेवलं. माझ्या खाली एक कवितासंग्रह होता, चार वर्षांपासून तिथंच पडलेला.

तो म्हणाला, "नवीन का? प्रस्तावना आहे ना तुला?"

"नाही बाप्पा. कॉमिकला कुठं प्रस्तावना असते?"

"मग मेलास तू."

त्यानं सगळं समजावून सांगितलं. सर पुस्तक वाचत नाहीत, फक्त प्रस्तावना वाचतात. त्यातली चार वाक्यं फिरवून घेतात. पुढं मुखपृष्ठ बोलकं आहे, छपाई सुबक आहे, काही मुद्रणदोष टाळता आले असते, रसिक स्वागत करतील. झालं परीक्षण. आणि प्रस्तावना लिहिणाऱ्यानं तरी पुस्तक कुठं वाचलेलं असतं? तो कवीच्या मागच्या पुस्तकाची प्रस्तावना वाचून लिहितो.

"तुला वाचलं का कोणी?" मी विचारलं.

"मला तर माझ्या कवीनंही छापल्यावर वाचलं नाही," तो म्हणाला.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारच्या आधी, शुक्रवारी सकाळी पेपरातून फोन आला की पाच वाजेपर्यंत मजकूर द्या, या वेळी पुस्तक नवीनच हवं. ढिगात नवा मी एकटाच होतो. सरांनी मला उचललं. पहिलं पान उलटलं तर थेट लोहमनगटाचा ठोसा, तोही बैठकीच्या टेबलावर. शेवटचं पान पाहिलं तर तिथं धूर. घाबरून त्यांनी प्रणालीला फोन लावला.

"अहो, तुमच्या अंकात प्रस्तावना बांधायची राहिली वाटतं."

"नाही सर, कॉमिकले प्रस्तावना नसते."

"मग मी लिहू कशावरून?"

निघून गेलं हो तोंडातून! पलीकडून पोट्टी म्हणाली, "सर, बत्तीसच पानं आहेत," आणि फोन ठेवला. सरांचे कान लाल झाले. मला हसूही आलं आणि प्रणालीचं वाईटही वाटलं.

जेवताना सर कुरकुरले, "काय पाठवतात लोक! यात वाचण्यासारखं आहे तरी काय?"

ताटात पोळी वाढता वाढता कुंदाताई म्हणाल्या, "आहे की. मी वाचलंय ते."

कुंदाताई म्हणजे सरांच्या पत्नी. मुलींच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या. दोन दुपारी कूलरसमोर बसून त्यांनी मला पहिल्या पानापासून वाचलं होतं. बोटाला थुंकी न लावता, कोपरा न दुमडता. मध्येच "शाब्बास" म्हणायच्या, मध्येच "हॅट, काहीतरीच!" मी तर कूलरच्या गारव्यात सुद्धा घामेघूम झालो होतो. मला कोणीतरी खरोखर वाचून राहिलं होतं.

"मग सांग पटकन, मी उतरवून घेतो," सर म्हणाले.

कुंदाताईंनी पेपर तपासावा तसं सांगितलं. "लिहा. बैठकीची गंमत चार पानांची आहे, ती दहा पानं ताणली. हे आवरायला हवं होतं. दुसरं, वावटळ साऱ्या वऱ्हाडावरून उडते, वादळ अडवते, आणि बैठकीत मात्र चौघांचा चहा तीच आणते. काहो, बाकीच्या तिघांच्या हाताला काय झालं? तिसरं, सतरावं पान. त्यावर एकही शब्द नाही. छेचाळीसला मुलगी झालीय. तो पाळण्यापासून चार हात लांब, दाराशी उभा आहे, कारण जवळ गेला तर लेकराला चटका बसेल. मी ते पान तीनदा पाहिलं. उरलेला अंक त्या एका पानाच्या लायकीचा झाला पाहिजे. दहापैकी साडेसहा."

"मुखपृष्ठाबद्दल काही?"

"मुखपृष्ठावर चौघं हसताहेत. आत कोणी हसत नाही."

मऊ करायला वेळच नव्हता. मजकूर जसाच्या तसा गेला. रविवारी अडीच कॉलम छापून आला, वर सरांचं नाव आणि शालीतला फोटो. कुंदाताईंनी पेपर वाचला, घडी करून ठेवला आणि भाजी निवडायला बसल्या. त्यात त्यांचं नाव कुठंच नव्हतं. मला मात्र फार लागलं.

मग सुरू झाले फोन. तीस वर्षांत सरांनी कोणाला एक वाकडा शब्द लिहिला नव्हता, त्यामुळं गावात खळबळ. "सर, तब्येत बरी आहे ना?" "घरी काही झालं का, सर?" परतवाड्याच्या एका कवीनं तर विचारलं, "माझ्या तिन्ही संग्रहांत मुद्रणदोषांखेरीज तुम्हाला एकही दोष दिसला नव्हता. वाचले होते ना?" सरांनी रेंज नाही असं सांगून फोन ठेवला. तोही घरचा, भिंतीवरचा.

आणि गंमत पाहा. साडेसहा गुणांचं असं आहे तरी काय, म्हणून लोक अंक शोधायला लागले. परतवाड्याच्या एसटी स्टँडवरच्या पुस्तकवाल्यानं देवीदासभाऊंकडं अंक मागवले. भाऊंनी परीक्षण वाचलं नाही, पट्टीनं मोजलं. "अडीच! म्या त दोनच म्हणलं होतं!" कात्रण फ्रेम होऊन काउंटरवर लागलं, मेव्हण्याला बोलावून दाखवण्यात आलं आणि आठवा अंक मशीनवर घ्यायचं ठरलं.

पुढच्या शनिवारी प्रणाली एसटीनं अमरावतीला आली. सरांच्या पाया पडली. डोळे भरलेले.

"सर, आठवा निघून राहिला. पण थे सोडा. थे सतरावं पान कोणालेच नाही दिसलं. माह्या घरी नाही, शाळेत नाही, भाऊले नाही. तुमाले कसं दिसलं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ते पान ना... हो... छपाई फार सुबक आहे."

प्रणालीचा चेहरा उतरला. तेवढ्यात कुंदाताई पाणी घेऊन बाहेर आल्या. सरांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा पोरीकडं. आता पुन्हा मुखपृष्ठावर जातात की काय, असं मला वाटलं.

"मी वाचला नाही गं अंक," सर म्हणाले. "तो हिनं वाचला. हिनं सांगितलं, मी उतरवलं आणि वर माझं नाव घातलं. आणि नुसता तुझाच नाही. मी कोणाचंच वाचलेलं नाही."

सर एकाएकी म्हातारे दिसायला लागले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आली ती दयाच.

प्रणाली कुंदाताईंकडं वळली. "काकू, थे चाय... मीच काढली, आन मलेच नाही दिसली. वावटळीच्या हातात ट्रे कवा आला, माह्या ध्यानातच नाही."

"हातातला ट्रे असाच असतो, बाई. कधी आला ते कळत नाही," कुंदाताई म्हणाल्या. "आठव्याची पानं आणलीस का?"

"पिशवीत आहेत."

"चल आत. पण गुण द्यायला माझा हात सढळ नाही, आधीच सांगते."

दोघी आत गेल्या. ओसरीवर सर आणि मी. त्यांनी मला मांडीवर घेतलं, पहिलं पान उघडलं, आणि मराठीचा हा एवढा मोठा प्राध्यापक गोंधळून गेला.

"कुंदा, हे चौकोन कुठून कुठं वाचायचे? आडवे की उभे?"

"डावीकडून उजवीकडं," आतून आवाज आला. "आणि पानं गाळू नका."

ते वाचत होते. हळूहळू, ओठ हलवत, पाटी गिरवणाऱ्या पोरासारखे. पाचव्या पानावर खुदकन हसले. दहाव्यावर थांबले, मागं गेले, बोटावर काहीतरी मोजलं.

"कुंदा, चार पानांत नसतं जमलं. सहा तरी हवीत. शालीवरून दोघं रुसतात ती दोन पानं झकास आहेत. तू ती उगाच कापलीस."

"मी चारच म्हणेन!"

"चूक आहे ते. सपशेल चूक! कोणी लिहिलंय ते परीक्षण?"

आत प्रणाली फिसकन हसली आणि मग कुंदाताईही. इतकं मोठ्यानं त्या घरात बऱ्याच दिवसांत कोणी हसलं नसावं. स्वतःच्या नावानं छापलेल्या परीक्षणाशी सर असे हट्टानं भांडत होते आणि मी त्यांच्या मांडीवर बाराव्या पानापर्यंत उघडा होतो.

बाप्पाहो, माझं एवढंच मागणं आहे. कोणी तुमच्या हाती असं काही आणून दिलं तर त्याचं स्वागत नका करू. उघडा, वाचा आणि मग खुशाल नावं ठेवा. आता मला सोडा. सरांनी तेरावं पान उलटलंय.