आमच्या रस्त्यावर कुणी नाव सांगत नाही

बुधवारी माझी नुसती ओढाताण होती. एकाच दिवशी दोन कामं. फुटपाथवर तंबू ठोकू द्यायचे की नाही, यावर नगरसभेत मतदान होतं आणि बोलणाऱ्यांत माझं नाव होतं. त्याच दिवशी बेघरांना खोल्या देणाऱ्या ऑफिसातली टेस माझ्या खोलीचे कागद घेऊन तंबूवर यायची होती. त्या खोलीसाठी मी चौदा महिने थांबले होते. नंबर लागला की ऑफिसचं माणूस तीनदा तंबूवर येतं. तिन्ही वेळा भेटला नाहीत की नाव कटलं. पहिल्या वेळी मी दवाखान्यात होते, दुसऱ्या वेळी आंघोळीच्या रांगेत. ही शेवटची खेप.

“मी नाही जात सभेला,” मी म्हटलं.

“जा गं बये!” शेजारच्या तंबूतला डेलबर्ट म्हणाला. ओंडक्यांचे ट्रक चालवता चालवता पाय गमावलेला म्हातारा, दिवसभर चाकांच्या खुर्चीत बसलेला. “मी बोलायला लागलो तर पहिल्याच मिनिटाला पोलीस बोलावतील. तुला निदान शिव्या न देता बोलता येतं. मी आहे ना इथे.”

“टेस आली तर सोडू नकोस तिला. बुटकी आहे, हिरवी गाडी, मला रो म्हणते. कॉफी पाज, गप्पा मार, काहीही कर.” माझा फोन चोरीला गेला होता आणि त्याच्याकडे कधी नव्हताच.

“आणि दुसरं कुणी आलं तर?”

“ते तुला शिकवायला हवं का?”

तो हसला. आमच्या रस्त्यावर हातात फाइल घेऊन कुणी नाव विचारलं, की कुणी कुणाला ओळखत नाही. कुणामागे कोर्ट असतं, कुणामागे नवरा. माझा नवरा मला शोधत आला होता तेव्हा अख्ख्या रस्त्याने तोंडावर सांगितलं, या नावाची बाई आम्ही पाहिलीच नाही. त्या दिवशी मी वाचले.

सभेत माझा नंबर एकेचाळिसावा. प्रत्येकाला दोन मिनिटं. फुलांच्या दुकानाची बाई म्हणाली, रोज सकाळी दारातली घाण धुते, कामाला यायला मुली घाबरतात. खोटं नव्हती बोलत, मी तिला धुताना पाहिलंय. माझं लक्ष मात्र भिंतीवरच्या घड्याळावर. टेस आली असेल का? म्हातारा झोपला तर नसेल ना?

माझी पाळी आली. दोन वाक्यं झाली नाहीत तोच एका सभासदाने विचारलं, “खरं सांगा बाई, खोली देऊ केली की तुम्ही लोकच नको म्हणता ना?”

माझं टाळकंच सरकलं. “साहेब, चौदा महिने एका खोलीसाठी त्याच फुटपाथवर बसून आहे मी! हलले तर तुमच्याच माणसाला सापडणार नाही म्हणून. आज कागद यायचेत. नको म्हणणारी दिसते का मी?”

टाळ्या पडल्या. मग मतदान झालं. सात विरुद्ध दोन. एक तारखेपासून शहरात कुठेही तंबू नाही. लोक रडत होते, आणि लपवून काय करू, मला आतून हायसं वाटलं. माझी खोली होती.

बसमधून उतरून जवळजवळ पळतच आले. डेलबर्ट लांबूनच हात हलवत होता.

“टेस आली?”

“नाही. पण तुझ्यावरचं मोठं संकट टाळलंय मी! कुणी उंच बाई आली होती, पांढरी गाडी, हातात फाइल. रोवेना मे टॅकेट कुठे राहते म्हणे. अख्खं नाव! म्हटलं, असली कुणी इथे नाहीच. दोनदा विचारलंन, दोनदा तेच सांगितलं.”

“अरे गाढवा!” मी एवढी किंचाळले की दोन तंबूंतून माणसं बाहेर आली. “टेसच्या जागी आली असेल ती!”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “पण रो... तूच म्हणालीस...”

म्हणाले होते खरी. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत धावले, हातापाया पडून फोन मागितला. पाचला दहा मिनिटं कमी होती.

“टेस आजारी आहे,” ऑफिसातली मुलगी म्हणाली. “तुमची तिसरी भेट झाली. या नावाची व्यक्ती इथे राहत नाही, असं शेजाऱ्यांनी सांगितल्याची नोंद आहे. फाइल बंद झाली.”

“अहो, मी राहते तिथेच! आत्ता या, मी उभी राहते रस्त्यात!”

“खोली पुढच्या माणसाला गेली, बाई. मला वाईट वाटतंय, खरंच. नवा अर्ज घेते ना. नाव आहे माझ्याकडे. आमचं माणूस तुम्हाला कुठे भेटेल?”

“आल्डर रस्ता, पुलाखाली.”

“तिथे एक तारखेपर्यंतच. त्यानंतर?”

काचेबाहेर डेलबर्ट खुर्चीची चाकं हातांनी ढकलत येऊन थांबला होता. माझ्याकडे बघत होता.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“मग अर्ज घेता येत नाही, बाई,” ती म्हणाली.