डाव्या हाताखालचा हात

चाळीस वर्षं मी पोरांच्या हातावर छड्या मारल्या आणि म्हातारपणी देवानं माझाच डावा हात काढून घेतला. बरं झालं, असं सोलापुरातल्या आमच्या बाळीवेशीतले दोन-चार माजी विद्यार्थी नक्की म्हणत असतील. म्हणोत बापडे. तोंडावर म्हणायची अजून कुणाची छाती नाही.

झटका आला चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर. डावा हात गेला, डावा पाय निम्मा गेला, जीभ तेवढी शाबूत राहिली. बायको ईरम्मा त्याआधी सहा वर्षं गेलेली. एकुलता एक मुलगा चन्नवीर हुबळीला बँकेत. तो आला, पंधरा दिवस राहिला आणि दवाखान्यातल्या आयेला विचारून माझ्यासाठी एक बाई ठेवून गेला. तिचं नाव बजाबाई.

ती मंगळवेढ्याकडची. दुष्काळात खडी फोडायला लागली, त्यातच नवरा गेला, मग सोलापूर गाठलं. सकाळी गिरणीच्या भोंग्याला यायची ती दिवेलागणीला जायची. भाकरी करायची, मला आंघोळ घालायची, धरून चालवायची. पहिल्या दिवशी आंघोळीच्या वेळी मी डोळे गच्च मिटून बसलो. "लाजताय कशाला अप्पा," ती म्हणाली, "माझ्या म्हाताऱ्या बाला बी मीच धूत हुते. त्यो तर शिव्या द्यायचा." मग मीही दोन शिव्या दिल्या. तिला बरं वाटलं असावं.

खरी अडचण वेगळीच होती. आम्ही लिंगायत. सकाळी आंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी, भस्म, बेलाचं पान वाहायचं. हे झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आठव्या वर्षी दीक्षा झाली, तेव्हापासून माझी एकही पूजा चुकली नव्हती. आता डावा हात म्हणजे पिळून ठेवलेलं फडकं. त्यावर लिंग ठेवलं की घरंगळायचं. ते जमिनीवर पडणं म्हणजे काय, हे ज्याच्या गळ्यात लिंग नाही त्याला सांगून कळायचं नाही. दवाखान्यात मठातले स्वामी येऊन हात धरत; घरी आल्यावर ते चारच दिवस आले. पाचव्या दिवशी त्यांना दुधनीला एक लग्न लागलं, ते लग्न अजून उरकायचं आहे.

सहाव्या दिवशी दुपारचे दोन वाजले तरी मी उपाशीच. बजाबाई दारात येऊन उभी राहिली.

"मी धरू का हात?"

मी ओरडलो. ज्याच्या अंगावर लिंग नाही त्याला आम्ही भवी म्हणतो, आणि भवीच्या नजरेला पूजेतलं लिंग पडू द्यायचं नाही, ही आमच्या घरची रीत. माझी आई तर शेजारीण आली तरी पूजेवर पदर धरायची. हे सगळं मी तिला मोठ्या आवाजात ऐकवलं.

तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला देव बघायचा न्हाय अप्पा. हात धरायचाय. तोंड तिकडं करून बसते की."

पोटात कावळे ओरडत होते, म्हणून मी हो म्हटलं. तिनं हात धुतले, माझ्या हाताखाली पंच्याची घडी घेतली, त्याखाली स्वतःचे दोन्ही तळवे धरले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. हात जराही हलला नाही. खडी फोडलेले हात ते.

तेव्हापासून दीड वर्ष रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघं तसे बसत होतो. मी देवाकडं बघत, ती भिंतीकडं. मी बोलायची बंदी केली होती, पण आठ-पंधरा दिवसांत मीच बोलायला लागलो. भिंतीला पाठांतर म्हणून दाखवावं तसं मी तिच्या अंबाड्याला सगळं सांगायचो. ईरम्मा शेवटी काय म्हणाली ते. चन्नवीरचं पत्र दोन महिन्यांत आलं नाही ते. तोंड समोर नसलं की बोलणं सोपं जातं. ती नुसतं "व्हय" म्हणायची. एक गोष्ट मात्र तिला कधी सांगितली नाही. माझ्या डाव्या हाताला काही कळत नव्हतं. तिचा हात ऊन आहे की गार, हे मला एक दिवसही समजलं नाही. ती तिथं आहे हे मला फक्त लिंग पडत नाही यावरून समजायचं.

आणि मग शहात्तरच्या चैत्रात चन्नवीर आणि सून दाक्षायणी, दोघं आले. दुपारी चहा घेताना चन्नवीरनं सहज विचारलं, "अप्पा, पूजेचं कसं करता? हात तर चालत नाही."

आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"पूजा सोडली," मी म्हणालो.

चन्नवीरनं कप खाली ठेवला. "आणि ही बाई?"

"तिचं काय? भाकरी करते, भांडी घासते. एवढंच."

थोड्या वेळानं भाकरीचा आवाज परत सुरू झाला.

तिला वाचवायला मी खोटं बोललो, असं मी स्वतःला सांगितलं. भवी बाई पूजेला बसते हे कळलं तर ही दोघं तिला काढून टाकतील, मग मी काय करू? यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं सांगायला लाज वाटते. ज्या मास्तरनं पूजेआधी पेरू खाल्ला म्हणून पोटच्या पोराला मारलं होतं, तोच मास्तर आता भवी बाईच्या हातावर देव ठेवतो, हे त्या पोराला कळायला नको होतं.

एकदा खोटं बोललो ते निभवावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चन्नवीरनंच मला आंघोळ घातली आणि दाक्षायणीनं पुढ्यात उपीट ठेवलं. साठ वर्षांत पहिल्यांदा मी पूजेआधी घास घेतला. दोघं माझ्याकडं टक लावून बघत होती. मग अंगणात जाऊन कानडीत कुजबुजली, आणि चन्नवीर येऊन म्हणाला, "अप्पा, शुक्रवारी आमच्याबरोबर हुबळीला चला. तुम्हाला असं एकटं ठेवणं बरं नाही."

हुबळीत मला कोण ओळखतं? पण मी उपीटच चिवडत राहिलो. बजाबाई त्याच वेळी भांडी घेऊन चालली होती. तिनं ऐकलं, थांबली नाही.

तेव्हापासून ती माझ्या खोलीत आलीच नाही. वेळेवर यायची, भाकरी करायची, भांडी घासायची. दोन्ही कामं चोख. मी खोकलो, काठी आपटली, एकदा तर मुद्दाम पाणी सांडलं. फडकं घेऊन दाक्षायणी आली.

गुरुवारी सकाळी मला राहवेना. चन्नवीर ट्रंकेला दोरी बांधत होता. मी जोरात हाक मारली, "बजाबाई! पूजेची वेळ झाली. आत ये."

ती उंबऱ्याशी आली. हात राखेनं भरलेले. मी लेकाकडं बघून सगळं सांगून टाकलं. पूजा सोडलेली नाही, दीड वर्ष रोज होते, आणि ही हात धरते म्हणून होते. सांगताना मला दम लागला. आता हा भडकणार, अशी मनाची तयारी केली होती.

चन्नवीर हातातली दोरी तशीच धरून बसला. "एवढंच?" तो म्हणाला. "अप्पा, माझं लिंग आठ वर्षं कपाटात आहे. मी कशाला बोलू? तुम्ही पूजा सोडली म्हणालात, मला वाटलं तुम्ही जगायचंच सोडलंत. म्हणून न्यायला निघालो."

दाक्षायणी हसली. "मग राहा की इथंच, मामा. या आहेतच."

मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. मी बजाबाईकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"मला दुसरीकडं ठरलंय," ती म्हणाली. "हितंच पूर्व भागात. रत्नम्मा म्हणून म्हातारी हाय, मांडी मोडलीया तिची. सोमवारपास्नं जाणार. शबूद दिलाय."

"अगं, पण ते मी हुबळीला जाणार म्हणून ना? आता कुठं जातोय मी?"

"त्याच्या आदीच ठरवलं अप्पा. ज्या दिवशी तुमी बोलला, त्याच सांजला." ती राखेचे हात एकमेकांवर चोळत राहिली. "देवासाठी मी भिताडाकडं तोंड केलं, त्याचं मला काय वाटलं न्हाय. रीत असती येकेकाची. पर लेकाम्होरं तुमी माझ्याकडनं तोंड फिरवलंसा. भांडी घासनारी तुमाला कुनी बी मिळंल."

"चुकलो," मी म्हणालो. चाळीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी फक्त दुसऱ्यांकडून वदवून घेतला होता.

"असू दे," ती म्हणाली. "पितळी धुवायची ऱ्हायलीय." आणि मोरीकडं गेली.

चन्नवीर माझ्याजवळ येऊन बसला. त्यानं हात धुतले होते, पंच्याची घडीसुद्धा केली होती. "द्या अप्पा, मी धरतो," तो म्हणाला. चांगला मुलगा आहे माझा.

मी नको म्हणालो. गळ्यातलं लिंग गळ्यातच राहू दिलं. मला त्या सकाळी पूजा करायचीच नव्हती. ती आत यावी, एवढंच मला हवं होतं.