उरलेलं उद्या

सिहोऱ्याच्या टेकचंद गुरुजींनी बत्तीस वर्षं पोरांना गणित शिकवलं. कुणाचं गणित मुद्दाम अर्धवट ठेवलं ते फक्त एकदाच, आणि तेही सख्ख्या नातीचं.

बायको गेल्यापासून घरात ते एकटेच. मुलगा प्रवीण पुण्याला. त्याची पाचवीतली दामिनी संध्याकाळी सातला फोन करायची, पण आजोबांची आठवण आली म्हणून नव्हे, गणित अडलं म्हणून. गुरुजींना ते पक्कं ठाऊक होतं. तरी साडेसहापासूनच ते फोन मांडीवर घेऊन बसत.

त्या दिवशी तिनं वाचलं, "सहा मजूर एक काम चार तासांत करतात, तर तीन मजूर किती तासांत करतील?"

"मजूर कायले? धानाच्या रोवणीच्या बाया घे. सहा बाया धानाची एक बांधी, येवढासा वावराचा तुकडा, चार तासांत रोवतात. आधी एकीचं काढ. एकटीले किती तास लागतीन?"

"चोवीस. पण आजोबा, एकटी बाई कधी रोवणी करते का?"

"नाही करत. गणितात करते."

दामिनी खळखळून हसली. किती दिवसांनी त्या घरात कुणाचं हसू ऐकू आलं होतं! इथंच गुरुजींची नियत फिरली. चोवीसला तीननं भागलं की गणित संपणार. एकदा पद्धत कळली की ही उद्या फोन कशाला करेल?

"आता येवढंच पक्कं कर," ते म्हणाले. "उरलेलं उद्या."

उद्या फोन आलाच नाही. परवा आला, तो रडतच. शाळेत अचानक चाचणी झाली होती. दामिनीनं पाचही गणितांत आधी एकाचं काढलं आणि तिथंच थांबली. पाचही उत्तरं एकट्या माणसाची. वीसपैकी शून्य.

"तुम्हीच म्हणालात ना, एवढंच पक्कं कर!"

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण चुकीचं काहीच सांगितलं नव्हतं, ही पळवाट सुचली, पण ती तोंडातून निघेना. "माह्यं चुकलं, माय," ते म्हणाले. "रडू नको. वही घे."

मग त्यांनी काही हातचं राखलं नाही. बाया कमी तर तास जास्त. एकीचे तास काढले की जितक्या बाया तितक्यानं भागायचं. वर पाच नवी गणितं घातली. पहिल्यात ती अडखळली, मग धडाधड सुटत गेली. शेवटचं तर गुरुजींचं बोलणं पुरं व्हायच्या आत.

"इतकं सोपं होतं?" ती म्हणाली आणि फोन ठेवून पळाली.

चार दिवस फोन वाजला नाही. पाचव्या दिवशी गुरुजींनीच लावला. "काही अडलं काय, दामिनी?"

"नाही आजोबा, आता काहीच अडत नाही!" तिचा आवाज आनंदानं फुलला होता. "तुमचं काही काम होतं का?"

एकट्याला करमत नाही, एवढं साधं वाक्य गुरुजींना म्हणता आलं नाही.

"नाही," ते म्हणाले, "काम काही नव्हतं."