दोन अंशांचा फरक

गल्लीने त्याला थंडोबा हे नाव दिलं ते तो फ्रिज दुरुस्त करायचा म्हणून, आणि टिकलं ते त्याच्या स्वभावामुळे. घाई त्याच्या गावीही नव्हती. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच बोंब ठोकत यायचं, "अहो, फ्रिज गारच होत नाही!" थंडोबा हातातला स्क्रू पिळता पिळता विचारायचा, "होत नाही, की होत नाही असं वाटतं?" मग पिस्तुलासारखं तापमापक काढायचा, त्याचा लाल ठिपका फ्रिजच्या आतल्या भिंतीवर धरायचा आणि आकडा गिऱ्हाइकाच्या नाकासमोर नाचवायचा. "चार अंश. फ्रिज ठणठणीत आहे. दार कमी उघडा." निम्म्या तक्रारी तिथेच मिटत.

अशा माणसाने महिनाभर घरात "पाय गार पडलेत" असा धोशा लावला होता. शुगर बारा वर्षांची जुनी, गोळ्या चालू, आणि पाय म्हणे बर्फात ठेवल्यासारखे. एकावर एक मोजे चढले. दुकानात टेबलाखाली छोटा हीटर आला. दुपारी जेवून जरा आडवा झाला की पायाशी गरम पाण्याची पिशवी लागायचीच.

त्या रविवारी बायको पिशवी भरून घेऊन आली, पांघरूण सरकवलं, आणि उजव्या पायाला लागलेला हात तिने झटकन मागे घेतला.

"अहो, पाय आहे की तवा?"

"का, काय झालं?"

"तापलाय हा!"

"तुझा हात गार असेल."

"आत्ता उकळत्या पाण्याची पिशवी भरून आणली. माझा हात कसा गार असेल?"

थंडोबाने हुकूम सोडला. "ठेव ती पिशवी."

"नाही ठेवत. आधी सांगा, पाय गार आहेत की गार वाटतात?"

बाहेरच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ बसला होता. दुकानात तो भागीदार होता आणि या घरातल्या चहातही. तो खो खो हसत आत आला. "ताई, आता मीटर निघणार बघ."

मीटर निघालंच. पैज अशी ठरली, की पाय गार निघाले तर बायकोने महिनाभर अवाक्षर न काढता पिशवी भरायची, आणि गरम निघाले तर त्याने सोमवारी मुकाट्याने डॉक्टरकडे जायचं. जिंकणार आपणच, याची दोघांनाही खात्री होती. मेहुण्याला फक्त गंमत बघायची होती.

मोजे उतरले. पाच-दहा मिनिटं पाय उघडे ठेवून त्याने आधी डाव्यावर ठिपका धरला. एकोणतीस पूर्णांक आठ. मग उजव्यावर. चौतीस पूर्णांक एक.

"बॅटरी उतरलीये," थंडोबा म्हणाला.

बॅटरी बदलली. आकडे जागचे हलले नाहीत.

"यंत्रच बिघडलंय."

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "काल याच यंत्राने तुम्ही त्या डेअरीवाल्या बाईंना खोटं पाडलंत."

हे वर्मी लागलं. थंडोबा उठला, स्वयंपाकघरात जाऊन त्याने भांड्यात बर्फ कुटला, त्यात थोडं पाणी घालून ढवळलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि ठिपका त्यावर धरला. शून्य. तो भांड्याकडे बघत उभा राहिला. मग बाहेर न बघताच म्हणाला, "यंत्र बरोबर आहे." लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. इतक्या सरळ शब्दांत त्याने हार मानलेली बायकोने पहिल्यांदाच ऐकली, आणि तिला जिंकल्याचा आनंद काही झाला नाही.

सोमवारी डॉक्टरबाईंनी त्याला डोळे मिटायला लावले आणि तळव्यावर नायलॉनच्या ताठ दोऱ्याचं टोक टोचलं. "लागलं की सांगा." थंडोबा वाट बघत राहिला. डोळे उघडले तेव्हा बाईंचं टोचून झालं होतं.

"पायाला मार लागला होता का हल्ली?"

"छे."

"तीन आठवड्यांपूर्वी शिडीवरून घसरले होते," बायको म्हणाली.

"दोन पायऱ्या फक्त. लागलं नव्हतं."

"लागलं नव्हतं, की कळलं नव्हतं?"

डॉक्टरबाईंनी बायकोकडे कौतुकाने पाहिलं आणि एक्स-रे काढायला सांगितला. पायाच्या मधल्या हाडांत दोन बारीक भेगा निघाल्या.

"शुगरने नसा खराब होतात," बाई म्हणाल्या. "काही नसा गार-गरम, दुखलं-खुपलं याची खबर वर नेतात. काही नसा रक्तवाहिन्यांना हुकूम देतात. गारठा आला की आकसा, उकडलं की पसरा, घाम सोडा. तुमच्या दोन्ही थकल्यात."

थंडोबा पुढे झुकला. "म्हणजे सेन्सरची वायर गेली आणि थर्मोस्टॅटचीही."

"अगदी. रक्त धो धो वाहतंय, पाय गरम आहे, पण वर खबर जाते गार असल्याची. घाम नाही, म्हणून कातडी कोरडी. हे दोन्ही पायांचं झालं. उजवा त्याहून चार अंशांनी गरम, कारण आत हाडं मोडलीत आणि सूज आहे. त्यावर असेच चालत राहिलात तर हाडं सरकतील, तळव्याची कमान बसेल, जखम होईल. मग पाय राहील की नाही, याची चर्चा करावी लागेल."

थंडोबाने उजवा पाय अलगद जमिनीवरून उचलून धरला.

"हीटर बंद, पिशवी बंद," बाई पुढे म्हणाल्या. "भाजलं तरी कळणार नाही. पायाला प्लास्टर, आणि त्यावर भार टाकायचा नाही."

"कधीपर्यंत?"

"दोन पायांतला फरक दोन अंशांच्या आत येऊन टिकेपर्यंत. तीन महिने धरा. चारही लागतील."

इतक्या वाईट बातमीत थंडोबाला एक गोष्ट आवडली. तिला आकडा होता.

दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं आणि मोजायचं. आकडा घरच्या कॅलेंडरवर चढायचा. चौथ्या आठवड्यात तीन पूर्णांक सहा. आठव्यात दोन पूर्णांक नऊ. थंडोबा फोनवर तक्रारी घ्यायचा, मेहुणा घरोघर जायचा आणि बायको दोघांची भांडणं सोडवायची.

बाराव्या आठवड्यात फुलांच्या एका व्यापाऱ्याची शीतखोली उभारायचं काम आलं. वर्षातलं सगळ्यात मोठं. सुरुवात सोमवारी. त्याआधीच्या शुक्रवारी थंडोबा दवाखान्यात जवळजवळ शीळ घालत शिरला. गर्दी होती. नर्सने प्लास्टर कापलं आणि उजवा पाय पुसून कोरडा होऊ दिला. मग डाव्या पायातला बूट-मोजा काढला आणि लगेच दोन्ही पायांवर ठिपका धरला.

"बत्तीस. तेहतीस पूर्णांक सात. फरक एक पूर्णांक सात! काका, सुटलात."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. मेहुण्याने लगेच फोन काढला. थंडोबा मात्र डाव्या पायाकडे बघत होता. घोट्याभोवती मोज्याचा वळ अजून ताजा होता. बुटाच्या उबेत बसलेला पाय बाहेर काढल्या काढल्या मोजला, तर तो गरमच दाखवणार. एरवी प्लास्टर कापेपर्यंत डावा उघडाच असायचा, आज गर्दीत ते राहिलं. डावा फुकट वर चढला, म्हणून फरक खाली आला. खोलीत हे फक्त त्याला कळलं होतं. गप्प बसलं की सोमवारी शिडीवर.

त्याने नर्सकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती हसत होती.

"पंधरा मिनिटं थांबू," तो म्हणाला. "मग परत मोजा. डावा आत्ता बुटातून निघालाय."

"काय हे भाऊजी!" मेहुणा कळवळला. "पास झालेला पेपर कोणी परत तपासायला देतं का?"

पुढच्या पेशंटकडे निघालेल्या डॉक्टरबाई मात्र थांबल्या. दोन्ही पाय उघडे ठेवून थंडोबा बसला. बायको शेजारी सरकली. "मला सांगायचं तरी आधी," ती कुजबुजली. "मी उगाच रडून घेतलं."

पंधरा मिनिटांनी डावा तीस पूर्णांक एक, उजवा बत्तीस पूर्णांक नऊ. फरक दोन पूर्णांक आठ.

बाईंनी आकडा दोनदा वाचला. "आज चालत घरी पाठवलं असतं, तर महिन्याभरात तुम्हाला उचलून आणावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "प्लास्टर. अजून चार आठवडे. पाय वाचेल तुमचा, आता माझी खात्री आहे. प्लास्टरचा रंग कोणता देऊ?"

"या वेळी लाल," बायकोने परस्पर सांगून टाकलं.

"आणि सोमवारचं काय?" मेहुण्याने विचारलं.

"मी येतोय ना. खुर्ची टाक माझी. शिडीवर तू चढ, खाली बसून शिव्या मी घालतो."

लाल पाय पुढे करून, कुबड्या सावरत तो बाहेर आला. बाकावर सात-आठ जण नंबर लावून बसले होते, सगळे बुटा-मोज्यांत. थंडोबा थबकला.

"पाय मोजायला आलात ना? बूट काढा सगळ्यांनी. मोजेसुद्धा. पंधरा मिनिटं हवा लागू दे, मग आत जायचं."

लोकांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग वाकून बूट काढायला लागले. दारातून डॉक्टरबाईंनी पाहिलं आणि त्या हसून आत गेल्या.

"अहो, रिक्षा थांबलीये," बायको म्हणाली.

"थांबू दे," घड्याळावरची नजर न काढता थंडोबा म्हणाला. "या आजोबांची अजून अकरा मिनिटं व्हायचीत."